सोलापूरच्या पेठांत एक दिवस: काय, कुठे आणि कोणत्या क्रमाने घ्यायचं

सोलापूरला येणारे बरेच पाहुणे अक्कलकोट, तुळजापूर नाहीतर पंढरपूरचं दर्शन उरकून परतीच्या वाटेवर शहरात दोन तास थांबतात. स्टँडसमोर दिसेल त्या दुकानात शिरतात, चार चादरी उचलतात आणि गाडीत बसतात. चादर मिळते, बाजार राहूनच जातो. आणि पुष्कळदा ती चादरही सोलापुरात विणलेली नसते, ही गोष्ट वेगळीच.

इथला बाजार ढोबळमानाने तीन तुकड्यांत आहे. पहिला नवी पेठेचा: तयार कपडे, चपला, मोबाइल, रोजची खरेदी. दुसरा त्याच्या आतला जुना: माणिक चौक, मधला मारुती, टिळक चौक, चाटी गल्ली, सराफ बाजार. आणि तिसरा पूर्वभाग, कन्ना चौक-अशोक चौकाच्या पलीकडचा. माल जिथे मागावर तयार होतो तो हा. एका दिवसात तिन्ही होतात, पण क्रम धरला तरच. नवी पेठेतून आत शिरायचं, दुपारपर्यंत जुन्या गल्ल्या संपवायच्या आणि चादर-टॉवेल सगळ्यांत शेवटी पूर्वभागात घ्यायचे. उलटं केलं की सात-आठ किलोचं गाठोडं काखेत मारून चाटी गल्लीतल्या गर्दीत साड्या बघायची वेळ येते.

कधी यायचं, कधी टाळायचं

मुंबईहून येणाऱ्यांना सिद्धेश्वर एक्स्प्रेस सगळ्यांत सोयीची. रात्री निघते, सकाळी सोलापुरात सोडते आणि रात्री परत मुंबईकडे निघते, म्हणजे मधला अख्खा दिवस बाजाराला मिळतो. वंदे भारत २०२३ पासून सुरू आहे, पण ती सकाळी सोलापुरातून मुंबईकडे जाते आणि रात्री परत येते. ती सोलापूरकरांच्या मुंबईतल्या कामांसाठी, तुमच्या खरेदीसाठी नव्हे. पुण्याची हुतात्मा एक्स्प्रेसही त्याच तऱ्हेची.

दुकानं साधारण साडेदहा-अकराशिवाय धड उघडत नाहीत. त्यामुळे सकाळी लवकर पोचलात तर आधी सिद्धेश्वर मंदिर करून घ्या. तळ्याच्या मधोमध मंदिर, शेजारी भुईकोट किल्ला, सकाळची हवा बरी. मंदिरापासून नवी पेठ चालत जाण्यासारखी आहे.

उन्हाळ्याबद्दल मात्र सरळ सांगतो: एप्रिल-मे महिन्यांत लग्नाची तारीखच तशी असेल तर नाइलाज, एरवी येऊ नका. पारा चाळिशीच्या वर असतो आणि आतल्या गल्ल्यांत वारा नाही. यायचंच असेल तर अकरा ते एक आणि संध्याकाळी साडेपाचनंतर, मधला वेळ लॉजवर पंख्याखाली. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे खरे दिवस.

त्यातही जानेवारीचा मधला आठवडा वेगळा धरा. तेव्हा सिद्धेश्वराची यात्रा असते, गावातले लोक तिला गड्डा म्हणतात. नंदीध्वजांची, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांची, मिरवणूक बाळीवेशीजवळच्या हिरेहब्बू वाड्यातून निघते आणि दत्त चौक, सोन्या मारुती, माणिक चौक, विजापूर वेस, पंचकट्टा असं करत मंदिराशी, संमती कट्ट्यावर पोचते. म्हणजे तुमचा खरेदीचा जो रस्ता, तोच मिरवणुकीचा. भोगीला अक्षता सोहळा, संक्रांतीला होमप्रदीपन, किंक्रांतीला शोभेचं दारूकाम. शिवाय १२ जानेवारीला चार हुतात्म्यांचा स्मृतिदिन. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना १९३१ साली याच तारखेला येरवड्यात फाशी दिली होती. त्या दिवशी त्यांच्या पुतळ्यांपाशी अभिवादनाला गर्दी असते. यात्रा बघायला जरूर या. पांढऱ्या बाराबंदीतली हजारो माणसं त्या अरुंद रस्त्यांतून जाताना बघणं चुकवू नये. पण त्याच दिवशी लग्नाचा बस्ता बांधायला येऊ नका. रस्ते वळवलेले असतात, रिक्षावाले आत यायला नाही म्हणतात आणि दुकानदाराचंही अर्धं लक्ष बाहेर असतं. संध्याकाळी होम मैदानावर मात्र पाळणे, बांगड्या, खेळणी आणि संसाराच्या चिल्लर वस्तू यांचा बाजार भरतो, त्यात पोरं खूश.

रमजानमध्ये विजापूर वेशीतला मीना बाजार रात्री उशिरापर्यंत चालतो. कपडे, अत्तर, सुकामेवा, शेवया, खाण्याच्या गाड्या. त्या महिन्यात दिवसा जुन्या गल्ल्या आणि रात्री विजापूर वेस असा बेत छान जमतो.

निघण्याआधी

स्वतःची गाडी असेल तर ती लॉजवर ठेवा आणि रिक्षाने किंवा चालत फिरा. माणिक चौकाच्या पुढे चारचाकी नेणं म्हणजे दुपार गाडीतच काढणं. रिक्षात बसण्याआधी दोन गोष्टी ठरवून घ्यायच्या: शेअर की स्पेशल, आणि किती. नुसतं "चाटी गल्ली" म्हटलं तर रिक्षावाला जवळच्या चौकात सोडतो, कारण गल्लीत रिक्षा शिरत नाही. यात फसवाफसवी काही नाही.

पैसे मोबाइलवरून सगळीकडे घेतात. तरी फेरीवाले, फुलवाल्या मावशी, रिक्षा यांच्यासाठी दहा-वीस-पन्नासच्या नोटा जवळ असू द्या. दोन मोठ्या कापडी पिशव्या, पाण्याची बाटली आणि मापाची टेप घ्या. टेप कशाला ते चादरीपाशी कळेल. बायकांसाठी एक अडचण आधीच सांगून ठेवतो: जुन्या बाजारात स्वच्छ स्वच्छतागृह सापडणं कठीण. नवी पेठेतल्या एखाद्या बऱ्या हॉटेलात चहा घ्या आणि तिथेच उरकून मग आत जा. बस्त्याच्या मोठ्या दुकानात तीन तास बसायचंच असतं, तिथे सोय असते आणि विचारलं तर कुणी नाही म्हणत नाही.

भाषेची चिंता नको. गल्ल्यावरचा माणूस तुमच्याशी मराठीत, शेजारच्या गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये, आतल्या पोराशी तेलुगूत आणि हमालाशी दखनीत बोलतो, तेही एका दमात. बोलण्यात "ओ" आणि "की" भरपूर येणार. "बघा की ओ, बघायला काय पैसे पडतात?" हे प्रेमाचं बोलणं आहे, खेकसणं नव्हे.

नवी पेठेतून आत

नवी पेठेत फार वेळ घालवू नये, असं माझं स्पष्ट मत. इथे जे मिळतं ते पुण्यातल्या कुठल्याही पेठेत मिळतं. रेडिमेड कपडे, पादत्राणं, बॅगा, मोबाइलचं सामान. मुलांना काही घ्यायचं असेल तर घ्या. मोठ्या शोरूममध्ये भाव ठरलेला असतो, तिथे घासाघीस करून तोंड वाईट करू नका. फुटपाथवरच्या मालाला मात्र पहिला सांगितलेला भाव हा बोलणं सुरू करण्यापुरता असतो.

शाळेच्या संस्थाचालकांनी आणि गणवेशाच्या दुकानदारांनी इथे जरा थांबावं. सोलापूर गणवेश शिवण्याचं मोठं केंद्र आहे, राज्याबाहेरच्या शाळांचे गणवेशही इथून जातात. पण ते काम पेठेतल्या दुकानात होत नाही. शहरभर पसरलेल्या शिलाईच्या कारखान्यांत होतं आणि किरकोळ दोन-चार जोड कुणी देत नाही. कापडाचा नमुना, मापांचा तक्ता आणि लागणारे नग लिहून आणले तर बोलणं दहा मिनिटांत मार्गी लागतं.

पुढे दत्त चौक. इथून सोन्या मारुतीवरून माणिक चौकाकडे जाणारा रस्ता हळूहळू अरुंद होत जातो आणि दुकानंही बदलत जातात. काचा कमी, गाद्या जास्त. माणिक चौकात आजोबा गणपती आहे, तो खुणेला चांगला. घरातली माणसं पांगली तर "आजोबा गणपतीपाशी या" एवढं सांगितलं की पुरे, गावात कुणालाही विचारा.

मधला मारुती आणि आसपास

सणाच्या खरेदीसाठी हा भाग. संक्रांतीला वाणाच्या वस्तू आणि सुगडी, दिवाळीत पणत्या-रांगोळी, गौरी-गणपतीला आरास, लग्नसराईत रुखवताचं सामान, मुंडावळ्या, हळद-कुंकू, बांगड्या. वाणासाठी डझनाने काही घ्यायचं असेल तर पहिल्या दुकानात भाव विचारायचा, घ्यायचं दुसऱ्या-तिसऱ्यात. एकाच रांगेत तीच वस्तू दहा जणांकडे असते, त्यामुळे फरक फार नसतो. फरक मोजण्यात असतो. डझनाचं पाकीट फोडून मोजून घ्या, फुटका नग तिथेच बदलून मागा.

बांगड्या हाताचं माप देऊनच भराव्यात. दुसऱ्याच्या मापाने नेलेल्या काचेच्या बांगड्या घरात पडून राहतात.

गर्दीत खिसा-पर्स सांभाळा, एवढं सगळ्याच बाजारांना लागू आहे. दिवाळीच्या आधीच्या रविवारी तर या रस्त्यावर आपण चालत नाही, माणसंच आपल्याला पुढे नेतात.

बस्ता: या दिवसाचं मोठं काम

सोलापूरच्या जुन्या बाजाराचा खरा जीव बस्त्यात आहे. धाराशिव, लातूर, तिकडून कलबुर्गी, विजयपूर या भागांतली घरं लग्नाचा बस्ता बांधायला इथे येतात. आठ-दहा माणसांची जीप, त्यात दोन्हीकडच्या बायका, एक हिशेबाला बसणारे काका आणि एखादा कंटाळलेला नवरदेव. चाटी गल्ली आणि तिच्या भोवतालची साड्यांची दुकानं याच कामासाठी मांडलेली आहेत.

आधी घरी बसून यादी करा. ती तीन भागांत केली की दुकानात गोंधळ होत नाही. एक, मानाच्या साड्या: नवरीची, करवल्यांची, आत्या-मामी-मावशी, विहीणबाई. दोन, आहेराच्या साड्या: यांचा नुसता आकडा आणि एका साडीमागची रक्कम. तीन, पुरुषांचं: टॉवेल-टोपी, धोतर-उपरणं, फेटे, शर्ट-पँटपीस. दुसऱ्या भागातली रक्कम घरीच ठरली पाहिजे. दुकानात गादीवर बसून ठरवायला गेलात तर प्रत्येक साडीमागे शंभर-दीडशे चढतात, आणि पन्नास साड्यांना ते किती होतात ते काकांना रात्री कळतं.

दुकानात शिरताना चपला बाहेर, मग पांढऱ्या गादीवर बैठक. चहा येतोच. चहा घेतला म्हणून खरेदी केलीच पाहिजे असं काही नाही, निःसंकोच घ्या. पुष्कळ घरांत पहिली घडी देवीच्या नावाने काढून तिला हळद-कुंकू लावायची रीत आहे. दुकानदाराला ते ठाऊक असतं, करंडा त्याच्याजवळ तयार असतो.

त्यानंतर आधी नवरीची साडी घ्यावी. लोक उलटं करतात: आहेराचा ढीग आधी, नवरी शेवटी. ढीग बघून होईस्तोवर सगळ्यांचे डोळे दुखायला लागलेले असतात आणि मग नवरीच्या साडीला "हीच घे गं, चांगली दिसते" होतं. आहेर हा आकड्यांचा हिशेब आहे, थकल्यावरही जमतो.

साडी दाखवणारा माणूस मनगटाच्या एका झटक्यात सहा वार कापड तुमच्या पुढ्यात उघडतो, पदर वर, काठ तुमच्याकडे. बघायला सुंदर वाटतं, आणि त्या भरात निऱ्यांकडचा भाग उघडलाच जात नाही. तो उघडायला लावा. घडीच्या रेषेवर रंग उडालाय का, आतल्या बाजूला धागा तुटलाय का, ब्लाउजपीस जोडलेला आहे की वेगळा दिलाय, तो त्याच रंगाचा आहे का, हे सगळं गादीवरच बघायचं. रंग ट्यूबलाइटखाली ठरवू नका. चांगला विक्रेता स्वतःच म्हणतो, "वहिनी, दारात उन्हात धरून बघा, आत वेगळा दिसतो." असं म्हणणाऱ्याकडे मी दोन पैसे जास्त गेले तरी हरकत घेत नाही.

पैठणी घेणार असाल तर उलटी करा. हातमागावरच्या पैठणीत पदरावरची नक्षी मागूनही जवळपास पुढच्यासारखीच सफाईदार असते. यंत्रमागावरच्या साडीत मागे सुटे, कापलेले धागे दिसतात. यंत्रमागाची घेण्यात वाईट काही नाही, किंमत मात्र यंत्रमागाची द्या. रेशीम म्हणून विकत असतील तर सिल्क मार्कची चिठ्ठी मागा.

एक सुचवतो. सोलापुरात आलात तर आहेरात चार-दोन इरकल घ्याच. इरकलचं मूळ गाव इलकल पलीकडे बागलकोट जिल्ह्यात. इथल्या दुकानांत त्या साड्यांना मान आहे आणि दाखवणाऱ्याला त्यातलं कळतं. लाल पदरावर पांढऱ्या नक्षीची ती खास ओळ, काठाचे प्रकार, सुती-रेशमी फरक हे तो नीट समजावून सांगतो. तुमच्या घरातल्या आजीला शालूपेक्षा ती जास्त आवडेल. नऊवारी मागताना लांबी मोजून घ्या, कारण उंच बाईला आखूड नऊवारी नेसता येत नाही आणि फॉल-पिको झाल्यावर कुणी परत घेत नाही.

भावाचं बोलणं सगळ्यांत शेवटी आणि एकूण बिलावर. एकेका साडीवर घासाघीस केली की दुकानदार पुढच्या साडीचा भाव त्या हिशेबानेच सांगतो. एकूण आकडा झाला की घरातल्या एकाच माणसाने बोलावं. आकडा हलत नसेल तर वरून मागावं: फॉल-पिको करून द्या, टॉवेल-टोपी त्यातच धरा, पिशव्या चांगल्या द्या. असं बहुतेक वेळा जमतं. बिल पक्कं घ्या, त्यावर नगांची संख्या लिहून घ्या आणि गाठोडं बांधताना एकाने यादी वाचावी, दुसऱ्याने मोजावं. गाठोडं बांधून झाल्यावर मोजणी होत नाही.

बस्ता नसेल, नुसत्या दोन साड्या घ्यायच्या असतील, तर लग्नतिथींच्या आधीचे शनिवार-रविवार टाळून मधल्या वारी या. मोठा बस्ता समोर बसलेला असेल तर तुमच्याकडे कुणी लक्ष देणार नाही, त्यात त्यांची चूक नाही.

सराफ बाजार

इथे थोडक्यात. पूर्व मंगळवार पेठेच्या बाजूला सराफांची दुकानं आहेत, घराण्याचं गिऱ्हाईक धरून चालणारी. ओळखीने गेलात तरी दागिन्यावरचा हॉलमार्क बघाच. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र क्रमांक, असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. तो क्रमांक मोबाइलवर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दिसते. २२ कॅरेटवर ९१६ लिहिलेलं असतं. घडणावळ आधी विचारा, खड्यांचं वजन सोन्यात धरलंय का ते विचारा, आणि दोन्ही बिलावर वेगळं लिहून घ्या. जुनं सोनं मोडायचं असेल तर ते समोर वितळवून तपासतात की नुसतं घासून, हेही आधी बोलून घ्यावं.

पोटपूजा आणि डब्यात नेण्याचं

दुपारचं जेवण जड करू नका, अजून पूर्वभाग बाकी आहे. सोलापूरच्या पेठांत भजी आणि वडे कुठेही चांगलेच मिळतात. गाडीभोवती गावातलीच माणसं उभी असतील ती गाडी निवडा. पूर्वभागात सकाळी इडली-डोसा, तिखट चटणीसकट.

घरी न्यायच्या तीन वस्तू: शेंगाचटणी, कडक भाकरी, शेंगापोळी. यातल्या चटणीकडे नीट बघावं लागतं, कारण त्या नावाखाली काय काय विकलं जातं. खरी सोलापुरी शेंगाचटणी उखळात कुटलेली असते. कुटताना भाजलेल्या शेंगदाण्याचं तेल सुटतं आणि लसूण-तिखटाला धरून ती जरा ओलसर, गोळा होणारी बनते. मिक्सरमधून काढलेली कोरडी, भुरभुरीत. चिमूट घेऊन बोटांत दाबा: बोटं तेलकट झाली, चटणीचा खडा तसाच राहिला तर घ्या. नुसती पूड सुटली तर पुढच्या दुकानात. वास खवट आला तर कितीही नामांकित दुकान असो, ठेवून द्या. अर्धा-अर्धा किलोची वेगळी पाकिटं करून घ्या. एकच मोठं उघडलं की शेवटची चटणी खवट होते.

कडक भाकरी ज्वारीची घ्या किंवा बाजरीची, पापडासारखी मोडते आणि दिवसेंदिवस टिकते. ती गाठोड्यात कधीच घालू नये, हातात वेगळी पिशवी ठेवावी. आणि तरी मोडलीच तर काही बिघडत नाही. चुरून वर दही, शेंगाचटणी आणि कच्चं तेल घालून खातात तेव्हा ती मोडायचीच असते. शेंगापोळी शेंगदाणे आणि गुळाची, प्रवासात चार दिवस राहते. ताजी कोणत्या दिवशीची आहे ते विचारून घ्या.

घरच्यांसाठी ताजी भाजी-फळं बघायची हौस असेल तर विजापूर वेशीकडे लक्ष्मी मंडई आहे. मंगळवारी आलात तर जोडभावी पेठेच्या बाजूला आठवडी बाजार भरतो. खेड्यातून आलेली ज्वारी, कडधान्यं आणि लाल मिरची बघायला तो चांगला.

पूर्वभाग: आता चादर

चारनंतर कन्ना चौक, अशोक चौकाकडे निघा. इथे आल्यावर पाट्यांवर तेलुगू दिसायला लागते. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकर घराण्यांनी हा भाग वसवला. गावात १८७७ पासून चालू झालेली जुनी मिल आणि तिच्यामागून आलेल्या गिरण्या कधीच्याच बंद पडल्या, पण माग घराघरांतून, शेडमधून चालत राहिले. खटाखट आवाज ऐकू आला की समजायचं, आलो. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथोत्सव असतो. त्या दिवशी पूर्वभागात खरेदीला जाऊ नका, रथ बघायला जा.

कारखान्याला लागून विक्रीची दुकानं आहेत, तशीच अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीतही आहेत. तिथे जाण्याचा फायदा भावापेक्षा निवडीचा: तोच नमुना सहा रंगांत, जाड-पातळ दोन्हींत. माग बघू का असं नीट विचारलं तर पुष्कळ जण आत नेतात. लहान मुलांना मागापासून लांब धरा. धोटा किती वेगाने जातो ते त्यांना कळत नाही.

सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. तरी बाहेरून आलेला माल या नावाने सर्रास विकला जातो, म्हणून ओळख हातानेच करावी. एक: जेकार्डवर, म्हणजे विणतानाच नक्षी उठवणाऱ्या मागावर, विणलेल्या चादरीची नक्षी दोन्ही बाजूंनी दिसते, फक्त रंग उलटतात. पुढे लाल जमिनीवर पांढरा मोर असेल तर मागे पांढऱ्या जमिनीवर लाल. छापील चादरीची मागची बाजू फिकी असते. दोन: काठाशी कारखान्याचं नाव विणलेलं असतं. नुसत्या शिवलेल्या चिठ्ठीवर विश्वास ठेवू नका. तीन: वजन. दोन चादरी दोन हातांत घेऊन तोला. जाड सुताची घट्ट विणलेली चादर हाताला लगेच कळते. फुगीर आणि हलकी असेल तर सूत कमी किंवा त्यात कृत्रिम धागा. शंका असेल तर दशांतला एक धागा मागून घ्या आणि बाहेर जाऊन काडी लावा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि राख होते, कृत्रिम धागा वितळून कडक गोळी धरतो. दुकानदार रागावत नाही. खरा माल विकणारा उलट काडेपेटी पुढे करतो.

चार: रंग. पांढरा रुमाल ओला करून गडद रंगावर घासा. किंचित लागला तर चालतं, रुमाल लाल झाला तर नको. पाच: माप. आता टेप काढा. एकेरी चादर साधारण ६० बाय ९० इंच म्हणून देतात, पण हलक्या मालात दोन-चार इंच आखूड निघणं नवीन नाही. पाय बाहेर राहणारी चादर काय कामाची?

टॉवेल घेताना बोटाने एक फासा हलकेच ओढा. तो सरळ सुटून आला तर विण सैल आहे. काठाची शिलाई दुहेरी हवी. नवा टॉवेल पाणी पीत नाही अशी तक्रार लोक करतात. त्यावर गिरणीतली मऊपणाची प्रक्रिया असते, दोन धुण्यांनंतर तो पाणी प्यायला लागतो. पाहुण्यांना वाटायला नॅपकिनचे डझन बरे पडतात. वॉल हँगिंगही इथलीच खासियत, देवदेवता आणि थोरांचे चेहरे मागावर विणलेले. ते घेतलंत तर सरळ गुंडाळून न्या, घडी घालू नका. घडीची रेष बरोबर देवाच्या नाकावर येते.

चार-सहा चादरींच्या वर खरेदी असेल तर दुकानातूनच पार्सल करायला सांगा. पाठवणारे रोजचेच असतात. पावतीवर नग आणि वजन लिहून घ्या, पत्त्यात पिनकोड आणि मोबाइल नंबर दोन्ही बाजूंना लिहून घ्या. एखादी चादर मात्र हातात ठेवा, रात्रीच्या गाडीत लागेल.

घरी गेल्यावर पहिली धुणी थंड पाण्यात आणि एकटीच घाला. घरोघरी मिठाचं पाणी सांगतात, घालायचं तर घाला, पण पांढऱ्या कपड्यांबरोबर पहिल्या दोन-तीन वेळा टाकू नका, हे जास्त महत्त्वाचं. ओली चादर भलती जड होते. साध्या घरगुती मशीनमध्ये एका वेळी एकच घालावी, आणि वाळत घालताना एका दोरीवर न टांगता दोन दोऱ्यांवर पसरून, सावलीत.